सिंगापूर ते बँकॉक: तिकिटावरचे तास आणि खरे तास

आई-बाबा आमच्याकडे सिंगापूरमधल्या तोआ पायोला आले की चार दिवस दादाकडे बँकॉकला जातातच. पहिल्या वेळी बाबांनी तिकीट वाचलं: निघणार १०:००, पोचणार ११:२५. "अगं, हे तर पुणे-दिल्लीपेक्षा जवळ!" परतीचं तिकीट मात्र १४:०० ते १७:२५. ते गोंधळले, म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले. तीच रीत इथे देते.

आधी घड्याळ. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे, बँकॉक दीड तास. जाताना तिकिटावरच्या फरकात एक तास मिळवा, येताना एक वजा करा. दोन्हीकडून उत्तर येतं २ तास २५ मिनिटं. सूर्याच्या हिशोबाने दोन्ही शहरांची वेळ खरं तर एकच हवी, पण १९८२ मध्ये मलेशियाबरोबर सिंगापूरनेही घड्याळ पुढे नेलं. म्हणून इथे वर्षभर सातच्या आसपास उजाडतं.

मग अंतर. चांगी विमानतळ १.४ उत्तर अक्षांशावर, सुवर्णभूमी १३.७ वर. फरक १२.३ अंश, अंशाला १११ किलोमीटर धरले तर १,३६५. रेखांशातला फरक सव्वातीन अंश, म्हणजे ३६०. शाळेतला पायथागोरस लावा: कर्ण सुमारे १,४१० किलोमीटर. विषुववृत्ताजवळ हे छान जमतं, टोकियोसाठी वापरू नका. तिकडे रेखांश एकमेकांच्या जवळ सरकलेले असतात. ताशी ८५० ने हे अंतर एक तास चाळीस मिनिटांचं. उरलेली पाऊण तास धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि थोडी राखीव वेळ.

पण प्रवास घराच्या दारापासून मोजायचा. दहाच्या विमानासाठी आम्ही साडेसहाला निघतो. टर्मिनल आदल्या रात्रीच बघून ठेवा. चांगीचं चौथं टर्मिनल बाकीच्यांपासून वेगळं आहे, तिथे बसने जावं लागतं. बँकॉकलाही विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी पूर्वेला आणि डॉन मुआंग उत्तरेला, त्यामुळे न्यायला येणाऱ्याला नाव नीट सांगा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा.

सुवर्णभूमीला इमिग्रेशनची रांग आणि बॅगा यांना तास-सव्वा तास धरा. पुढे एअरपोर्ट रेल लिंकने फया थाई अर्ध्या तासात, तिथून बीटीएसने, म्हणजे शहरातल्या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेने, तीन स्टेशनं पुढे आरी. दादाच्या दारात पोचेपर्यंत तिथले पावणेदोन, आमचे पावणेतीन. घर ते घर सव्वाआठ तास.

बाबांना मधुमेह आहे. त्यांची जेवणाची वेळ सिंगापूरच्या एकची, म्हणजे बँकॉकच्या बाराची, आणि नेमके तेव्हाच ते रांगेत उभे असतात. म्हणून आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या पिशवीत ठेवते, आणि विमान खाली यायला लागायच्या आत डबा उघडते.