लहान मुलांसाठी थंडीतल्या जंगलाची, प्राणी-मित्रांची गोष्ट कशी रचायची

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बर्फातल्या जंगलाची गोष्ट सांगायची असेल तर आधी कथानक शोधत बसू नका, आधी बघा की तो प्राणी थंडीत खरंच काय करतो, कारण गोष्ट बहुतेक वेळा तिथेच तयार असते.

१. दोन मित्र निवडा, फार तर तीन. त्यापेक्षा जास्त झाले की लहान मुलांचा गोंधळ होतो. एक झोपणारा आणि एक जागा राहणारा असेल तर बेस्ट. हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला छोटा प्राणी, पानांचं घरटं करून शीतनिद्रेत जातो, अंग थंड पडतं, हृदयाचे ठोके अगदी मंद होतात. झाडावरची खार मात्र हिवाळाभर जागी, आधी पुरून ठेवलेल्या बिया उकरून खाते. आता हे दोघं जिवलग असतील तर मित्र झोपल्यावर खारुताई काय करणार? बघा, प्रश्न आपोआप आला! फक्त एक सांभाळा, हेजहॉग झोपतानाच सांगून टाका की वसंत आला की तो उठणार आहे, नाहीतर मूल शेवटपर्यंत त्याच्याच काळजीत राहतं.

२. अडचण छोटी पण खरी घ्या. राक्षस, वादळ, हरवलेली आई वगैरे झोपायच्या वेळी नकोच. माझी सगळ्यात आवडती अडचण सशाची आहे. बर्फाळ भागातले काही ससे हिवाळ्यात पांढरे होतात आणि हा बदल दिवस लहान होत गेल्यामुळे होतो, बर्फ पडलाय की नाही ते त्यांचे केस बघत नाहीत. म्हणजे एखाद्या वर्षी बर्फ उशिरा आला तर पांढराशुभ्र ससा तपकिरी जंगलात लांबूनच दिसणार, बिचारा लपणार कुठे? इथे थांबा आणि मुलालाच विचारा की आपण त्याला कसं लपवूया. कोणी म्हणेल पानं टाकू, कोणी म्हणेल चिखलात लोळवू, जे उत्तर येईल तेच खारुताईला करायला लावा, मुलांना आपली आयडिया गोष्टीत आलेली जाम आवडते.

३. कोल्ह्याला दुष्ट करू नका. तो भुकेला असतो, एवढंच. बर्फाखाली उंदीर चालले तरी त्याला ऐकू येतं आणि तो उंच उडी मारून तोंड खाली करून बर्फात घुसतो, ही उडी हाताने करून दाखवा. शिकार दाखवायची नसेल तर उडी चुकवा, कोल्हा फळंही खातो, त्याला वाळकी बोरं मिळू द्या.

४. सांगताना एक ओळ ठरवून परत परत आणा, जसं की "चर्रर्र चर्रर्र, बर्फावरून कोण आलं?" दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूल स्वतःच म्हणायला लागतं. पाच-सात मिनिटं पुरतात. शेवटी तात्पर्य सांगू नका, ससा लपला, बर्फ पडला, संपलं.

५. उद्यासाठी नवा मित्र मुलालाच निवडू द्या. घुबड म्हणालं तर छानच, ते रात्री जागं असतं, त्याला पहारेकरी करा. बीव्हर, म्हणजे पाण्यात राहणारा, झाडं कुरतडणारा प्राणी, निवडला तर तो घराजवळ पाण्याखाली फांद्या साठवून ठेवतो आणि हिवाळाभर त्यांची साल खातो, म्हणजे त्याच्याकडे जेवायला कोणाला बोलवायचं हे ठरवण्यातच दुसरी गोष्ट सुरू होते.