मेणाचं चित्र, नागपूरचं ऊन आणि प्रदर्शनाची तयारी

एन्कॉस्टिक म्हणजे काय, हे आता सगळ्यांना व्हिडिओंमुळे माहीत असतं. मधमाशांचं मेण आणि राळ वितळवायची, त्यात रंग मिसळायचा, गरम असतानाच लाकडाच्या पाटीवर लावायचा आणि प्रत्येक थर पुन्हा तापवून खालच्या थरात मुरवायचा. अडचण एवढीच की ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या खोलीत २० अंश तापमान असतं. मी नागपुरात राहते. मे महिन्यात बाहेर ४५, आत कूलर लावून ३५. तेव्हा हे लिखाण विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या उन्हात मेणावर काम करून ते चारचौघांसमोर टांगू पाहणाऱ्यांसाठी आहे. कोकणातल्यांनी उन्हाच्या जागी दमट हवा धरावी, बाकी हिशेब तोच.

प्रदर्शनाची तयारी चित्र पूर्ण झाल्यावर सुरू करायची नसते. मेणाच्या बाबतीत ती पाटी कापायच्याही आधी, चित्राच्या पाठीकडून सुरू होते.

वर्षाचं गणित

ताजं मेण वरून लगेच घट्ट होतं, पण पुरतं मुरायला ६ महिने ते वर्ष घेतं. तेवढ्या काळात त्यावर पांढुरकी साय येत राहते, विशेषतः थंडीत. म्हणून मी एका हिवाळ्यात रंगवते आणि पुढच्या हिवाळ्यात दाखवते. पाट्या दिवाळीच्या आसपास, पावसाची ओल लाकडातून गेली की करून घ्यायच्या. नोव्हेंबर ते मार्च रंगवायचं. उन्हाळ्यात चित्रं तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत उभी ठेवायची आणि त्यांच्याकडे बघत राहायचं. नागपूरचा मे ज्याने काढला, ते चित्र मुंबईला घाबरत नाही. ज्याचा थर पाटीपासून सुटायचा आहे, कड ढळायची आहे, ते तुमच्या घरीच होऊ द्या, गिऱ्हाइकाच्या घरी नको.

उन्हाळ्यात मी रंगवत नाही. ज्यांना एसी परवडतो त्यांनी खुशाल रंगवावं. मी तेव्हा स्केचेस, पेट्या आणि रंग कुटण्याची कामं काढते.

नागपुरातच प्रदर्शन लावणार असाल तर डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन सोडून तारीख घ्या. सिव्हिल लाइन्समधले रस्ते बंद असतात, टेम्पो मिळत नाही, आणि उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे मोर्च्यात अडकून पडतात.

पाटी

कॅनव्हास नको. तो हलतो, मेण हलत नाही, मग तडे जातात. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचं ‘फ्लॅग’ (१९५४-५५) मेणातलं आहे आणि ते कापडावर असलं तरी ते कापड प्लायवर चिकटवलेलं आहे. मी १२ मिमीचा चांगल्या प्रतीचा वॉटरप्रूफ प्लाय घेते, आणि मागून दीड इंच उंचीच्या सागवानी पट्ट्यांची चौकट. मिस्त्रीला आधीच सांगायचं, “भाऊ, पुढून एकही खिळा नको.” २ बाय ३ फुटांची पाटी चौकट, मेण आणि फ्रेम धरून आठेक किलोची होते. टांगणी त्या वजनाची हवी. डी-रिंगा, म्हणजे पाठीमागच्या टांगायच्या कड्या, रंगवण्याआधी बसवा. नंतर ड्रिल चालवलं की हादऱ्याने मेणाची कपची उडते, बहुधा नेमकी चेहऱ्यावरची.

प्लायवर बाजारातला अ‍ॅक्रिलिक जेसो (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) लावू नका. तो प्लास्टिकची कातडी धरतो आणि मेणाला पकडायला काही उरत नाही. सरस आणि खडूचा जुना जेसो चालतो, पण आमच्याकडे पावसाळ्यात सरस ओल धरतो, बुरशी येते. मी कोऱ्या लाकडावरच साधं, बिनरंगाचं मेण लावते आणि ते इतकं तापवते की लाकूड पिऊन घेतं. पाठीलाही एक पातळ हात मेणाचा, म्हणजे पाटी वाकत नाही.

मेण आणि राळ

मेळघाट आणि गडचिरोलीकडून आग्या मोहोळाचं मेण येतं. गडद पिवळं, धुराचा वास असलेलं. महाबळेश्वरकडचं सातेरी मधमाशीचं मेण फिकं असतं. मांघर हे तिथलं गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पिवळं मेण गेरू, पेवडी, काळा, तपकिरी यांना सुंदर लागतं, पण निळ्यात घातलं की निळा हिरवट होतो. निळ्या-पांढऱ्यासाठी शुभ्र केलेलं मेण वेगळं ठेवा.

भेसळ पॅराफिनची असते. थंड मेणाचा तुकडा मोडून बघा, खरं मेण दाणेदार तुटतं आणि त्याला मधाचा वास असतो. बुळबुळीत आणि बिनवासाचं असेल तर मेणबत्त्या करा.

पुस्तकी प्रमाण ८ भाग मेणाला १ भाग डामर राळ (ही झाडाची राळ, रस्त्याचं डांबर नव्हे). राळेने मेण कडक होतं आणि जरा उशिरा मऊ पडतं. म्हणून मी ५ ला १ घेते, वजनाने. ४ ला १ च्या पुढे गेलात तर ते ठिसूळ होतं, कोपरे तुटतात. कार्नोबा हे ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांचं मेण ८२ अंशांच्या पुढे वितळतं, त्याची चिमूट घातली तरी कडकपणा येतो, पण ती चिमूटच हवी. राळेत सालीचे तुकडे आणि किडे असतात, तेव्हा ती मलमलच्या पुरचुंडीत बांधून मेणात सोडायची. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, राळ त्यानंतर बऱ्याच उशिराने. भांडं १००-११० पर्यंत न्यायचं, राळ विरघळली की गाळायचं आणि वड्या पाडायच्या. हे काम अंगणात करा. रोजचं रंगकाम ७५ ते ९० अंशांत. धूर दिसला म्हणजे उशीर झाला, तो डोळ्यांना आणि छातीला बाधतो.

रंगांबद्दल: शेंदूर आणि हिंगूळ तापवायचे नाहीत. एकात शिसं, दुसऱ्यात पारा. रांगोळीचे रंग सुंदर दिसतात आणि उडतात. कोरडी भुकटी मिसळताना मास्क लावाच. ट्यूबमधला तैलरंग वापरायचा असेल तर रात्रभर टिपकागदावर ठेवून तेल काढा.

खोली

आमची कामाची खोली घराच्या मागे आहे, उत्तरेला खिडकी. टेबलाच्या मागे एक्झॉस्ट पंखा, तो हवा माझ्यापासून दूर ओढतो. छताचा पंखा बंद. चालू असला तर ब्रश पाटीवर पोचेपर्यंत मेण गोठतं आणि रेघ ओढली जाते. कूलरही बंद, त्याची ओली हवा गार मेणावर बसते.

तव्यासाठी महागडी आयात सामग्री लागत नाही. थर्मोस्टॅट असलेला इलेक्ट्रिक तवा आणि स्टीलच्या वाट्या. प्रत्येक रंगाला एक वाटी, ती वाटी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे घरातल्यांना लिहून द्या. लेझरवालं थर्मामीटर घेतलंत तर त्याचा नेम मेणावर धरा, चकचकीत स्टीलवर ते खोटं, कमी तापमान दाखवतं. ब्रश डुकराच्या केसांचे. नायलॉनचे केस गरम मेणात मऊ पडून वाकतात. मेण पेटलं तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं आणि बटण बंद करायचं. झाकण आणि पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. आणि मेणाचे ब्रश बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. प्लंबर येतो, पैसे घेतो आणि वर ऐकवतो.

थर मुरवणं

सगळी कला इथे आहे, आणि शब्दांत सांगायला हेच सगळ्यात कठीण. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) तिरपी धरून हळू फिरवायची. पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चमकला की पुढे सरकायचं. थबकलात तर रंगाचं तळं होतं आणि खालची रेघ वाहून जाते. घाई केलीत तर वरचा थर खालच्याला चिकटतच नाही. तो आज दिसत नाही, मे महिन्यात पापुद्र्यासारखा निघतो. बारीक छिद्रं पडत असतील तर खाली हवा अडकली आहे, थर पातळ करा. ज्योतीची गॅस-टॉर्च मला आवडत नाही, पण खडबडीत पोत उडवायला तिच्यासारखं काही नाही.

रंगवताना प्रत्येक रंगाची एक छोटी वडी बाजूला काढा, कागदात गुंडाळून त्यावर चित्राचा क्रमांक लिहा. ती का, ते पुढे येतं.

कोपरे, चमक, फ्रेम

मेणचित्राला पहिली इजा कोपऱ्याला होते. बाजूंना रंगवण्याआधी मास्किंग टेप लावा, शेवटी टेप काढून कड पात्याने किंचित गोल करा. धारदार कड म्हणजे पडणारी कड. फ्रेम फ्लोटर हवी, म्हणजे चित्राभोवती थोडी फट सोडणारी, आणि तिचा काठ चित्रापेक्षा ४-५ मिमी उंच, म्हणजे चित्र भिंतीला तोंड करून टेकवलं तरी फ्रेम टेकते, मेण नाही. काच लावायची नाही. काच लावली की अर्धं चित्र गेलं.

साय पुसायला जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा. हलक्या हाताने गोल फिरवत चमक आणायची. फोटो त्यानंतर लगेच काढा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे ठेवून, समोरून फ्लॅश मुळीच नको.

प्रवास

बबल रॅप चित्राला लागू द्यायचा नाही. उन्हात त्याचे फुगे मेणावर छापून बसतात आणि तुम्ही न रंगवलेले गोल गॅलरीत लोक कौतुकाने बघतात. बटर पेपरही दाबला गेला तर चिकटतो. सगळ्यात चांगलं, पुढच्या बाजूला काहीच लागू नये. मी प्लायच्या पेट्या करून घेतल्या आहेत. चित्र पाठीकडून स्क्रूने पेटीच्या तळाला जोडायचं, तोंडासमोर दोन इंच मोकळी जागा, आतून थर्माकोलच्या पट्ट्या. पेटीवर क्रमांक, बाण आणि “आडवी ठेवू नये” मराठीत आणि हिंदीत. चढवणाऱ्याला तोंडी सांगून ते उतरवणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आदल्या रात्री पेट्या गार खोलीत. मुंबईला न्यायचं तर संध्याकाळी माल भरून समृद्धीवरून रात्रीत निघायचं. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ६० च्या पुढे जातो, म्हणजे मेण वितळायच्या उंबरठ्यावर. म्हणून ड्रायव्हरने जेवायला गाडी कुठे लावायची, हेही आधी ठरवा. “दादा, सावली नसेल तर जेवण नंतर,” असं मी सरळ म्हणते, आणि डबा सोबत देते.

जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि सोमवारी उतरतं, तेव्हा मांडणीला वेळ थोडा असतो. भिंतींचा आराखडा घरीच कागदावर काढून न्या. नंबर मिळायला वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सुरुवात गावातल्या दालनापासून करा. आमच्याकडे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं दालन आहे.

भिंतीवर

तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) वापरू नका, तो वजनाने ताणतो आणि चित्र रोज सकाळी थोडं खाली आलेलं असतं. पातळ स्टीलची तार घ्या. हॅलोजन दिवा असेल तर जवळ नको, एलईडी मागा.

पिशवीत सुती कापड, पातं, त्या रंगांच्या वड्या, स्टीलचा चमचा आणि उकळत्या पाण्याचा थर्मास. गॅलरीत आग चालत नाही. कपची उडाली तर चमचा पाण्यात बुडवून कोरडा पुसा, वडीवर टेकवा आणि वितळलेला थेंब जागेवर चमच्याच्या पाठीने बसवा. चहा आणायला निघालात असंच सगळ्यांना वाटतं.

लोक हात लावणार. मेणाला वास आहे, पोत आहे, नख लावून बघायचा मोह कुणालाही होतो. पाटी लावून मनाई करण्यापेक्षा टेबलावर एक छोटा तुकडा ठेवा आणि “याला हात लावा” असं लिहा. भिंतीवरची चित्रं बचावतात. आणि प्रश्न ठरलेला: “मॅडम, हे उन्हाळ्यात पघळत नाही काय?” उत्तर खरं द्या. ६० अंशांच्या आत वितळत नाही, मऊ मात्र पडतं. इजिप्तमधल्या फायूमची मेणातली व्यक्तिचित्रं पहिल्या ते तिसऱ्या शतकातली आहेत, आणि आजही डोळे रोखून बघतात. पण ती कोरड्या वाळूत सावलीला होती, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर नव्हती.

विकलेल्या चित्रासोबत एक मराठी चिठ्ठी जाते. दुपारचं ऊन येणारी भिंत नको, देवघरातल्या समईच्या वर नको, पहिलं वर्षभर साय आली तर मऊ सुती कापडाने पुसा, काच पुसायचा फवारा मारू नका, घरी खराब झालं तर मला फोन करा. दुरुस्ती मी फुकट करते, नेण्या-आणण्याचा खर्च त्यांचा.

विकलेल्या चित्राची पेटी परत आणू नका, ती चित्रासोबतच द्या. बदली झाली, घर बदललं की त्यांना लागते. न विकलेली चित्रं मात्र घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पेटीतून काढून उभी करा, कोपरे बोटाने चाचपा आणि जिथे खरखरीत लागेल तिथे खडूने खूण करून ठेवा.