प्लाझ्मा टॉर्चनं प्लॅस्टिकचा गॅस करताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये प्लाझ्मा कटिंग मशीन असतंच. त्यामुळं अधूनमधून एखादं उत्साही पोरगं येतं, "काका, ह्याच टॉर्चनं कचऱ्यातल्या प्लॅस्टिकचा गॅस काढू या की!"

नको काढू. ती टॉर्च पत्रा कापायला केलेली आहे. मशीनवर ड्युटी सायकल ६० टक्के लिहिलं असेल, तर पूर्ण करंटवर दहा मिनिटांत सहाच मिनिटं चालवायची. गॅस करायचा तो रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे बंद भट्टीत. आत आर्कच्या, म्हणजे विजेच्या अखंड ठिणगीच्या, उष्णतेत प्लॅस्टिक आणि वाफ मिळून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचा जळाऊ गॅस होतो. रिअ‍ॅक्टरला तासन्‌तास आर्क लागतो. शिवाय ती कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते, आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजन. तो गॅसमध्ये जाऊन बसला की गॅसची धग कमी होते.

तासन्‌तास चालणारी वेगळी टॉर्च घेतली, तरी माझा खरा राग पीव्हीसीवर, म्हणजे पाइप आणि वायरच्या सालांच्या प्लॅस्टिकवर. शिरोलीत एकदा भंगारवाल्याकडून गठ्ठे आले. वर स्वच्छ कॅरीबॅग, खाली वायरची सालं, रेक्झिन, पाइपचे तुकडे. मी निवडायला सांगितलं, तर पोरं म्हणाली, "काका, आर्क दहा हजार डिग्रीचा. त्यात काय शिल्लक राहतंय?" मीही घाईत होतो, मान डोलावली. तिसऱ्या दिवशी गॅस गार करायच्या स्टेनलेसच्या कूलरमधून पाणी झिरपायला लागलं. नळ्या उघडल्या तर सुईनं टोचल्यासारखी भोकं.

पीव्हीसीत वजनानं जवळजवळ ५७ टक्के क्लोरीन. ते मूलद्रव्य आहे. कितीही तापवा, संपत नाही, फक्त जोडीदार बदलतं. इथं त्याला हायड्रोजन मिळाला. गॅस गार होऊन जिथं ओल धरली, तिथं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार. त्यात गॅस रेंगाळत गार झाला, तर २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिनसारखी विषं पुन्हा जुळतात. म्हणून पाण्याच्या फवाऱ्यानं झटक्यात गार करायचा.

तेव्हापासून माझ्याकडं पाण्याची बादली असते, प्लॅस्टिक त्यात टाकून बघायचं. तरंगलं ते पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन, आत घ्यायचं. बुडालं ते बाजूला. पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिकही बुडतं, ते वाया जातं. जाऊ दे. शंका आली तर तांब्याची तार लाल करून प्लॅस्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की बाहेर. हे उघड्यावर करा. वेळ जातो म्हणणाऱ्यांना मी कूलरचं बिल दाखवतो.

काजळी धरतेय? वाफ कमी पडतेय. हिशेबानं एक किलो पॉलिथिनला साधारण १.३ किलो वाफ लागते. नुसत्या वाफेवर केलं तर त्या क्रियेलाच किलोमागं तीन युनिटांहून जास्त वीज जाते. तापवणं आणि गळती वेगळी. लाइटबिल वाचवायला वाफ कापायची आणि नाव टॉर्चचं घ्यायचं, हे काही बरोबर नाही. वीज वाचवायचीच असेल तर थोडा ऑक्सिजन द्या, पण मोजून.

टॉर्चच्या कूलिंगला बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतात. पातळ पिशव्या आख्ख्या ढकलू नका, भट्टीच्या तोंडाशीच वितळून गच्च बसतात.

सुरू करण्याआधी नायट्रोजन सोडून आतली हवा काढा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला की ठिणगीची वाट बघत असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही, म्हणून डिटेक्टर भिंतीवर नको, कमरेला. तो वाजला की आधी टॉर्च बंद, माणसं बाहेर, मग कुठं गळतंय ते बघायचं. चहा प्यायला गेलेल्याचीही मोजदाद करा.