जवारी ऐकू येते का? हाय-रेझ प्लेअरचं फर्मवेअर आणि सेटिंग्ज, एका तंबोरेवाल्याच्या कानाने

मिरजेत तंबोरे बनवणं हे आमचं घरचं काम. घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि तार बोलायला लागली की हात थांबवायचा, याला आम्ही जवारी काढणं म्हणतो. गिऱ्हाइकाला वाद्य धाडण्याआधी मी त्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करतो, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमापाने. न्यू जर्सीत बसलेल्या गायिकेचा सहा महिन्यांनी फोन येतो, "काका, आवाज बसल्यासारखा वाटतोय," तेव्हा तो मूळचा आवाज माझ्या खिशात असावा लागतो. अशा फाइल्स वाजवणारा खिशातला हाय-रेझ प्लेअर घेतला तो एवढ्यासाठी. रात्री त्याच्यावर गाणं ऐकायला लागलो ते नंतर.

पहिला प्लेअर मी स्वतःच्या हाताने मारला. नवं फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारा आतला प्रोग्राम, आलं असं कळलं, कार्डावर टाकलं आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळी बॅटरीची शेवटची कांडी उरलेली असताना अपडेट सुरू केलं. पट्टी अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला, तो झालाच. तेव्हा पहिला नियम हा: बॅटरी निम्म्याहून जास्त भरल्याशिवाय फर्मवेअरला हात लावायचा नाही. दुसरा नियम: फाइल कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवायची आणि मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. एका अक्षराच्या फरकाने आत वेगळीच चिप असू शकते. तिसरा नियम: चालू असलेल्या आवृत्तीची फाइल आधी संगणकावर जपून ठेवायची. नवं आवडलं नाही तर परत फिरायची वाट मोकळी राहते.

आता माझ्याकडे फिओ कंपनीचा एम३के प्लेअर आहे. दोन इंची पडदा, स्वतःची साठवण नाही, सगळं मायक्रोएसडी कार्डावर. हे मॉडेल आता नवं मिळत नाही, जुनं शोधावं लागतं. हाच घेण्याचं कारण म्हणजे याच्यावर कंपनीचं फर्मवेअर आणि रॉकबॉक्स नावाचं दुसरं फर्मवेअर अशी दोन्ही नांदतात. रॉकबॉक्स २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या काही प्रोग्रामरांनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी सुरू केलं. ते फुकट आहे, खुलं आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याची ४.० आवृत्ती आली. इतक्या वर्षांत कितीतरी प्लेअर भंगारात गेले, हे मात्र टिकून आहे.

कोणतं घ्यायचं? लोक विचारतात ते "कुठल्यात आवाज चांगला" असं. माझ्या मते प्रश्नच चुकतो. सगळी सेटिंग्ज सपाट ठेवली तर चिप तीच, हेडफोन तेच, फरक शोधायला दिवा घेऊन फिरावं लागतं. एक तांत्रिक फरक खरा आहे. रॉकबॉक्सच्या आतला मिक्सर १६ बिटचा. २४ बिटची फाइल ते वाजवतं, पण डॅककडे, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपकडे, देताना १६ बिट करून देतं. कागदावर १६ बिटला सर्वांत हलक्या आवाजापासून सर्वांत मोठ्यापर्यंत ९६ डेसिबलची झेप मिळते, २४ ला १४४ ची. आता माझ्या दुकानात पंखा बंद करून, शटर ओढून बसलं तरी रस्त्यावरची रिक्षा आत येतेच. या गोंगाटात ९६ सुद्धा वापरून होत नाही. तरीही ज्याला मनाची रुखरुख नको, त्याने कंपनीच्याच फर्मवेअरवर राहावं. ज्याला प्रत्येक पेच स्वतः पिळायचा आहे, फोल्डर जसे लावलेत तसेच बघायचे आहेत, त्याने रॉकबॉक्स घ्यावं. मी दुसऱ्या जातीचा.

बसवताना गडबड करायची नाही. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं दुकानातून येतात ती एक्सफॅट पद्धतीने आखलेली. रॉकबॉक्ससाठी ती फॅट३२ करून घ्यायची. मग रॉकबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये आपल्या मॉडेलसाठी दिलेल्या पायऱ्या एकेक करून करायच्या. एम३केच्या रिकव्हरी मेनूत मूळ बूटलोडरची, म्हणजे प्लेअर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, नक्कल काढून ठेवायची सोय आहे. ती नक्कल काढा आणि कार्डाबाहेर, संगणकावर ठेवा. कंटाळा करू नका, मला काळ्या पडद्याचा अनुभव आहे. मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही, चालू करताना ठरलेली कळ दाबून धरली की तेच उघडतं. आणि रॉकबॉक्सचा सगळा संसार कार्डावरच असतो. कार्ड बदललं की तो त्या कार्डाबरोबर गेला, हे लक्षात असू द्या. मी एकदा दुसरं कार्ड घालून "बिघडला, बिघडला" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

पहिल्यांदा उघडल्यावर आवाजाचा आकडा उणे दिसतो, त्याने बावचळायचं नाही. आकडा जितका उणे, तितका आवाज कमी. सुरुवात उणे ४० पासून करा आणि हळूहळू वर या. व्हॉल्यूम लिमिटही लावून टाका, घरात लहान पोर असेल तर नक्कीच. आणि ज्या प्लेअरला गेनचं, म्हणजे आवाज किती ताकदीने द्यायचा त्याचं, बटण आहे, तिथे कानात घालायच्या इअरफोनसाठी लो गेन पुरे. हाय ठेवलं तर शांत आलापात मागे सूं ऐकू येत राहतं.

आता सगळं बंद करा. इक्वलायझर, बास, ट्रेबल, क्रॉसफीड (एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्यात मिसळणारं), स्टीरिओ रुंद करणारी सेटिंग, सगळं. जवारी काढताना आधी सूत पूर्ण बाहेर काढतो आम्ही, मग घोडीचं खरं रूप कळतं. तसंच.

मग एक ओळखीचा आवाज लावा. माझा आहे काळी एकमध्ये लावलेला तंबोरा. त्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार, साधारण ६९ हर्ट्झला बसतो आणि त्याच्यातून आपोआप निघणारी स्वयंभू स्वरांची जाळी वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जाते. खर्ज छेडल्यावर आधी दणका, मग क्षणभराने गंधार उमलून येतो. तो गंधार कधी येतो, किती वेळ टिकतो, यावर मी सेटिंग्ज ठरवतो. तुमच्याकडे तंबोरा नसेल तर रोजच्या कानातलं काही घ्या: घरातली पेटी, ओळखीच्या माणसाचं बोलणं. जे समोर बसून ऐकलेलं आहे तेच. नवं गाणं लावून सेटिंग ठरवणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाचा अंगरखा शिवणं.

तुलना करताना एक चकवा असतो. जे थोडं मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, एका डेसिबलचा फरकही पुरतो. म्हणून मी हेडफोनच्या भोकातून वायर काढून रेकॉर्डरला जोडतो, एक किलोहर्ट्झचा सूर दोन्ही फर्मवेअरवर वाजवतो आणि रेकॉर्डरची सुई सारखी आली की मगच ऐकतो. भाचा कोल्हापूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्या हातात प्लेअर देऊन मी डोळे मिटले. "मामा, आता कुठलं?" असं त्याने दहा वेळा विचारलं. माझी सहा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून जेवढी येतात त्याहून एक जास्त. त्या दिवसापासून फर्मवेअरच्या "रेशमी" आणि "उबदार" आवाजावर मी बोलत नाही.

फरक पडतो तो रिप्लेगेनने. हे लोक बघतसुद्धा नाहीत. कॉम्प्युटरवर फूबार२००० या प्रोग्राममध्ये अल्बम स्कॅन केला की प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये ती किती मोठी वाजते याचा आकडा लिहिला जातो. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. प्लेअर तो आकडा वाचून आवाज वरखाली करतो. त्यात दोन पर्याय असतात, ट्रॅक आणि अल्बम. आपल्या गाण्याला अल्बमच लावायचा. समजा सीडीवर ४० मिनिटांचा विलंबित ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत पुढच्या ट्रॅकमध्ये आहे. ट्रॅक गेन लावला तर संथ, हलकं विलंबित उचललं जातं आणि ताना-तबल्याने भरलेलं द्रुत दाबलं जातं. गायकाने तासभर चढवत नेलेला डाव प्लेअर एका सेकंदात सपाट करतो. सोबत क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटणं, रोखण्याची खूण चालू ठेवा.

तिथेच गॅपलेसचीही, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देण्याची, परीक्षा होते. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मागे तंबोरा अखंड चालू असतो. ट्रॅक बदलताना अर्धा सेकंद जरी खंड पडला तरी मला खोलीतला दिवा गेल्यासारखं होतं. रॉकबॉक्स फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता दाबलेल्या, फाइल्स सलग वाजवतं. इतर फर्मवेअरमध्ये कित्येकदा गॅपलेस वेगळं चालू करावं लागतं. क्रॉसफेड मात्र बंदच ठेवा. समेवर दुसरी बंदिश मिसळली तर भांडण होईल.

इक्वलायझर. बास वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, पण खर्ज आणि डग्गा दोन्ही त्याच परिसरात राहतात. सहा डेसिबल चढवलं की डग्ग्याची मींड फुगते आणि तंबोऱ्याचा गंधार तिच्याखाली गाडला जातो. इअरफोन टोचत असेल तर मी वाढवत नाही, कमी करतो: टोचणाऱ्या जागी, माझ्या इअरफोनला ती ६ किलोहर्ट्झच्या आसपास आहे, तीन डेसिबल खाली. काही वाढवलंच तर प्री-कट, म्हणजे सगळ्या आवाजात आधीच केलेली घट, तेवढंच लावा. चार डेसिबल वाढ तर चार डेसिबल प्री-कट. नाहीतर तानेच्या टोकावर आवाज फाटतो आणि माणूस इअरफोनला दोष देतो.

क्रॉसफीड जुन्या स्टीरिओ रेकॉर्डिंगला लावून बघा, जिथे तबला पार एका कानात आणि सारंगी दुसऱ्यात ढकललेली असते. अर्ध्या तासात डोकं जड होतं, ते हलकं होतं. एरवी बंद.

फ्रीक्वेन्सीचं सेटिंग ऑटोमॅटिकवर ठेवलं की ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ वर आणि ९६ ची ९६ वर वाजते, मध्ये फेरगणित होत नाही. डिदरिंग चालू ठेवा, २४ चं १६ होताना उरणारी खरखर त्याने मऊ होते. डॅकच्या फिल्टरचे चार प्रकार आहेत, तीव्र आणि मंद उताराचे. फरक वीस हजार हर्ट्झच्या आसपास. माझं वय बावन्न, बारा हजाराच्या वर मला काहीच ऐकू येत नाही. भाचा म्हणतो त्याला फरक कळतो. असेल बाबा.

मराठीत टॅग लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. रॉकबॉक्सचे फॉन्ट ठिपक्यांचे आहेत आणि देवनागरी अक्षरं जुळवण्याची अक्कल त्यात नाही. देवनागरी असलेला फॉन्ट टाकला तरी अक्षरं एकापुढे एक मांडली जातात. 'किशोरी' मधली पहिली वेलांटी क सोडून श च्या डोक्यावर जाऊन बसते आणि 'कशिोरी' असं काहीतरी दिसतं. 'मल्लिकार्जुन' चं काय होतं ते बघवत नाही. मी फोल्डरची आणि गायकांची नावं रोमन लिपीत लिहितो, राग, ताल मात्र कॉमेंटच्या खान्यात देवनागरीत, ते संगणकावर वाचायला. मुखपृष्ठ दिसत नसेल तर जेपीजी प्रोग्रेसिव्ह पद्धतीचं आहे का बघा. साधं बेसलाइन जेपीजी करून टाकलं की दिसतं.

फाइल्सबद्दल दोन शब्द. न दाबलेलं २४/९६ एका तासाला दोन जीबी खातं, सीडीचं साडेसहाशे एमबीच्या आत राहतं. फ्लॅक केल्यावर दोन्ही बरीच उतरतात. ७८ आरपीएमच्या जुन्या ग्रामोफोन तव्यावरून काढलेलं साडेतीन मिनिटांचं गाणं कुणी २४/१९२ म्हणून विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. तव्यावर जे कोरलंच गेलं नाही ते आकड्याने येत नाही. येते ती सुईची खरखर, अत्यंत बारकाईने. माझ्या तंबोऱ्यांची रेकॉर्डिंग्ज तेवढी २४/९६, बाकी बहुतेक सीडीच्या दर्जाची.

सगळं मनासारखं लागलं की सेटिंग्ज फाइलमध्ये सेव्ह करा, रॉकबॉक्समध्ये ती सोय आहे. माझ्या कार्डावर दोन फाइल्स आहेत. 'तंबोरा' सपाट, अल्बम गेन. दुसरी भाच्याची, 'डीजे' नावाची, तिच्यात बास नऊ डेसिबल वर. दिवाळीला तो घरी येऊन गेला की सकाळी पहिल्यांदा खर्ज छेडतो तो पलंगाच्या पायातून ऐकू येतो, मग माझी फाइल परत लावतो.