पीएचडीला लागताय? आधी शेजारच्या विभागात जाऊन बसा

पेटचा, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला, आरआरसी (संशोधन मान्यता समितीसमोरची मुलाखत) पार पडली, की नवी मुलं भेटायला येतात. प्रश्न ठरलेले असतात: विषय कोणता घेऊ, गाईड कसे आहेत, फेलोशिप कधी सुरू होते. फेलोशिप देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अटी बदलत राहतात, त्यामुळे माझं ऐकू नका, मूळ जाहिरात वाचा. गाईडबद्दल त्यांच्याकडे थिसिस पूर्ण केलेल्याला विचारा आणि अर्धवट सोडून गेलेल्यालाही विचारा. यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. माझं शिक्षण परभणीला कृषीचं. पुढे पोटापाण्यासाठी गावोगावच्या सर्वेक्षणांची कामं केली. आता समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य अशा सगळ्या विभागांतली मुलं तक्ते तपासून घ्यायला येतात. ते तक्ते पाहून माझं मत असं झालंय की प्रत्येक विद्याशाखेला कधी ना कधी जोरात ठेच लागलेली असते आणि तेव्हापासून ती एका विशिष्ट ठिकाणी शंका घ्यायला शिकलेली असते. शेजारच्या विभागाला मात्र त्या शंकेचा पत्ताच नसतो. एका आवारात, एकाच कँटीनचा चहा पिऊन, दोन विभाग एकमेकांना काही विचारत नाहीत.

कृषीपासूनच सुरू करतो. प्रक्षेत्रावर वाणांची चाचणी घेतात तेव्हा वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजणीत धरत नाहीत. कडेच्या झाडाला ऊन, वारा, जागा जास्त मिळते, ते फुलतं-फळतं जास्त. ते धरलं तर वाण आहे त्याहून चांगलं दिसतं. हीच गोष्ट पीक कापणी प्रयोगाची, म्हणजे शेतातला मोजका चौकोन कापून त्यावरून उत्पन्न काढण्याची. पीकविम्यामुळे मराठवाड्यात हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण त्यामागचा वाद विद्यापीठातल्या मुलांना माहीत नसतो. १९४०च्या दशकात देशभरचं उत्पन्न नमुन्यावरून काढायची पद्धत बसत होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान चौकोनाकडे होता. सातारा जिल्ह्यातले दुसरे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं असं की चौकोन जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त, आणि कडेवरचं झाड आत की बाहेर हे ठरवताना मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. मग उत्पन्नाचा उतारा फुगतो. यात कुणाची लबाडी नसते, हे महत्त्वाचं. माणूस प्रामाणिक असला तरी आकडा कलतो.

गावाच्या सर्व्हेलाही अशी कड असते. एसटीतून उतरलं की स्टँडवर, पारावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जी मंडळी बसलेली असतात ती बोलायला मोकळी असतात. त्यांचेच फॉर्म पटापट भरले जातात. तांडा दोन किलोमीटर आत असतो, वस्तीकडे जायला चिखल असतो. फॉर्म शंभर होतात, पण ते ओट्यावरचे शंभर. त्यासाठी घरांची यादी आधी करायची, त्यातून चिठ्ठ्या टाकून घरं काढायची आणि जे घर निघेल तिथेच जायचं, मग ते कितीही लांब असो.

चिठ्ठ्यांवरून आठवलं. शिक्षणशास्त्राच्या मुलांचा एक आवडता आराखडा असतो: एका वर्गाला नव्या पद्धतीने शिकवायचं, दुसऱ्याला जुन्या, शेवटी चाचणी घेऊन तुलना. त्यांना मी नेहमी स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरच्या दुधाची गोष्ट सांगतो. १९३० साली तिथे वीस हजार शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना चार महिने रोज दूध, निम्म्यांना नाही. कोणाला द्यायचं हे बऱ्याच अंशी नशिबावर सोडलं होतं. पण एका बाजूला धडधाकट मुलं जास्त आली असं वाटलं तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांना दया आली. हडकुळी, गरिबाघरची मुलं दुधाच्या गटात गेली आणि दूध न मिळणारा गट सुरुवातीलाच उंची-वजनात वरचढ झाला. दुसरी गंमत कपड्यांची. पहिलं वजन ऐन थंडीत फेब्रुवारीत घेतलं, दुसरं जूनमध्ये. थंडीतले जाड कपडे उतरले, तेवढं वजन कमी भरलं. आणि गरिबाच्या पोराकडे थंडीतही जाड कपडे नसल्याने त्याचा फरक कमी. १९३१ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट यांनी हे सगळं उलगडून मांडलं. दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी ज्यांच्या नावाची टी-टेस्ट तुम्ही एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये डोळे झाकून चालवता ते हेच, आणि पोटाला नोकरी गिनीज या दारूच्या कारखान्यात.

आता आपल्या शाळा आठवा. अ तुकडीत हुशार पोरं आणि क तुकडीत उरलेली, हे कोण नाकारेल? मुख्याध्यापक कौतुकाने सांगतात, "सर, नवा प्रयोग आहे ना, मग आमची अ तुकडीच घ्या." प्रयोग तिथेच संपला. पुढे टी-टेस्टचं उत्तर कितीही चकचकीत येवो, तुम्ही मोजलंत ते तुकड्यांमधलं जुनं अंतर. एकाच तुकडीतल्या मुलांची नावं चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटता आली तर उत्तम. नाही जमलं तर निदान आधीच्या चाचणीचे गुण तक्त्यात दाखवा आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या.

सर्वात जास्त शिकायला मात्र मला वय विचारताना मिळालं. वय हा प्रश्नावलीतला सगळ्यात सोपा रकाना वाटतो. चाकूर तालुक्यात एका म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाले, "लिहा की साठ." शेजारच्या आजी, "माझंबी साठच लिहा." दिवसाच्या शेवटी फॉर्म चाळले की पन्नास, साठ, सत्तर यांची नुसती रास. लोकसंख्याशास्त्राला हा प्रकार जुना ओळखीचा आहे. शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी किती झाली हे मोजायला त्यांच्याकडे व्हिपलचा निर्देशांक आहे. त्यांच्याकडचा उपाय त्याहून भारी: वय विचारायचं नाही, घटना विचारायची. त्याच आजींना विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात किती मोठ्या होत्या?" त्या लगेच म्हणाल्या, "खडी फोडायला जात होते की आईसंगं. परकर घालत होते." आणि किल्लारीचा भूकंप? "तव्हा थोरल्या लेकीचं लगीन ठरलं होतं." १९७२ आणि १९९३ अशा दोन खुंट्या मिळाल्या, की आजींचं वय साठ नसून साठीच्या बरंच पुढे आहे हे दोन मिनिटांत कळतं. त्याहून म्हाताऱ्यांसाठी रझाकाराचं साल आहेच. प्रत्येक तालुक्याच्या अशा खुंट्या निराळ्या असतात: धरणाचं पाणी आलं ते वर्ष, गावात लाईट आली ते वर्ष. फील्डवर निघण्याआधी त्यांची यादी करा. हे काम अर्थशास्त्राच्या, नर्सिंगच्या, कोणत्याही विषयाच्या मुलाला उपयोगी पडतं.

जमिनीचं नि उत्पन्नाचंही तसंच. फॉर्मवर 'क्षेत्र (हेक्टर)' असा रकाना असतो. शेतकरी सांगतो, "चार बॅगा सोयाबीन पेरलं, बॅगेला आठ कट्टे झाले." शहरातून आलेला मुलगा गोंधळतो आणि चार एकर लिहून मोकळा होतो. पूर्वी बियाण्याची बॅग तीस किलोची आणि ती एकराला लागायची, म्हणून बॅग म्हणजे एकर असा हिशेब बसला. आता कंपनीगणिक बॅगेचं वजन वेगळं, घरचं बियाणं वापरणाऱ्याचं माप वेगळं, टोकन पद्धतीने एकेक बी लावणाऱ्याला बियाणं कमी लागतं. कट्टाही पन्नास किलोचा की साठचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून फॉर्मवर शेतकऱ्याच्या तोंडचंच माप जसंच्या तसं लिहायला एक रकाना ठेवा. हेक्टर-क्विंटल घरी येऊन करता येतात.

आणि सर्व्हे कधी करता याला फार महत्त्व आहे. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर गेलात तर ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असतं. कोयत्यावर गेलेली जोडपी गुढीपाडव्याच्या आसपास परततात. जानेवारीत भरलेल्या फॉर्मवरून 'गावातील कुटुंबांचे स्वरूप' लिहिलं तर त्यात मागे राहिलेले म्हातारे नि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं तेवढी सापडतात. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, वेळापत्रक टाकताना विद्यापीठाची टर्म बघू नका, कारखान्यांचा हंगाम बघा.

इतिहासवाल्यांकडून शिकायचं ते कागदाकडे पाहणं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथली जुनी दफ्तरं उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत, आणि तारखा फसली या महसुली सनातल्या. त्या सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतं. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, नाहीतर तो अभ्यासक्रम रिकामाच जायचा. पण मला इतिहासाच्या विभागात आवडलेली गोष्ट ही नव्हे. तिथे कागद हातात आला की पहिला प्रश्न असतो: हा लिहिला कुणी, कुणासाठी, आणि त्यात त्याचा काय फायदा? अर्थशास्त्राची मुलं सातबारावरचा पीकपेरा घेऊन वीस वर्षांचा आलेख काढतात तेव्हा हा प्रश्न विचारत नाहीत. २०२१ पर्यंत ती नोंद तलाठी करायचे, त्या वर्षीच्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर करू लागला. लिहिणारा हात बदलला. आलेखात तिथे खड्डा किंवा उंचवटा दिसला तर पीक बदललं की नोंदवणारा बदलला, हे आधी तपासा.

किल्लारीचा उल्लेख आलाच आहे, तर भूशास्त्राकडून मिळालेलं एक सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, जो भूकंप झाला त्याआधी लातूरचा हा भाग भूकंप-नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असाच समज. वर्षभर आधीपासून तिथे बारीक धक्के जाणवत होते, लोक घाबरत होते. मोठा धक्का बसला तेव्हा दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचा भार यांखाली हजारो माणसं गेली. नंतर नकाशा बदलला. मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, तिचा अर्थ 'इथे भूकंप होत नाही' असा लावला गेला होता.

आता कोणतंही सिनॉप्सिस उघडा. पहिल्याच पानावर असतं, 'सदर विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.' कशावरून? शोधगंगेवर (थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) एकदा इंग्रजीत शब्द टाकला आणि काही आलं नाही, एवढ्यावरून. मराठीत टाकून पाहा, गावाचं जुनं नाव टाकून पाहा. औरंगाबाद, उस्मानाबाद या नावांनीच बहुतेक थिसिस जमा आहेत. आपलं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती, तिकडेही काही असेल. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूट आणि डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयांत मराठवाड्यावरचं बरंच पडून आहे. एवढं करूनही काही नाही मिळालं, तर 'मला आढळले नाही' असं लिहा.

अर्थशास्त्राला लागलेली ठेच अगदी अलीकडची. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंतांनी २०१० साली मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ शून्याखाली जाते. सरासरी उणे ०.१ टक्के. सरकारांनी खर्च कपातीसाठी त्याचे दाखले दिले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला क्लासचा गृहपाठ म्हणून एखादा प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचा होता. त्याचं उत्तर जुळेना. शेवटी मूळ एक्सेल फाईल मागवली तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या. काही वर्षांची आकडेवारी गाळणं आणि देशांना भार देण्याची पद्धत हेही मुद्दे निघाले. २०१३ साली त्याने दोन प्राध्यापकांसोबत दुरुस्त आकडा दिला: अधिक २.२ टक्के. मानसशास्त्रातही २०१५ साली शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत पूर्वीसारखा ठोस निकाल आला.

आपल्याकडे कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीच्या व्याख्या पाठ करून घेतात. त्याऐवजी आपल्याच विभागातल्या जुन्या थिसिसचा एक तक्ता घ्या आणि कॅल्क्युलेटरवर त्याची टक्केवारी पुन्हा काढा. बेरीज शंभर होते का बघा. जुळलं नाही तर गाजावाजा न करता गाईडना दाखवा. आणि तुमची मूळ फाईल, भरलेले फॉर्म, कोणत्या उत्तराला कोणता आकडा दिला त्याची वही, हे तीन वेगळे ठेवा. मूळ फाईलला हात लावायचा नाही, काम तिच्या कॉपीवर.

राहिली प्रकाशनाची बाब. 'पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतो' असे मेसेज तुम्हाला प्रवेशाच्या आठवड्यातच येऊ लागतील. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता यादीकडे बोट दाखवून सुटका नाही, जर्नल स्वतः वाचून ठरवावं लागतं. दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबद्दल २०१८ चा नियम आहे: दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. पण सॉफ्टवेअर चकवण्यासाठी शब्द फिरवत बसणाऱ्यांना मी मदत करत नाही, येऊ नका.

शेजारच्या विभागात जायचं म्हणजे नेमकं काय, असं काहीजण विचारतात. परभणीला कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मेला असतो, रब्बीचा १७ सप्टेंबरला. मंडपातली भाषणं सोडा, बियाण्याची रांगही सोडा. एखाद्या चाचणीचं काम पाहणारा सहायक गाठा आणि कडेच्या ओळी का सोडल्या ते विचारा. तो अर्धा तास बोलतो, आणि बरेचदा आपणहून पुढचं सांगतो: मागच्या वर्षी डुकरांनी कोणता वाफा खाल्ला आणि त्याचा आकडा त्यांनी तक्त्यात कसा दाखवला.