लिंबावरचा खैऱ्या आणि नागअळीची वाट

श्रीगोंद्याकडे आमची कागदी लिंबाची बाग आहे. दोन पावसाळे फळांवर खैऱ्या रोगाचे खरबरीत तपकिरी ठिपके पडले आणि माल मातीमोल गेला. मी ताम्रयुक्त औषध मारत राहिलो, रोग काही हटेना.

एकदा कोवळं पान उन्हात धरून पाहिलं. नागअळीनं पोखरलेली चंदेरी, वळणावळणाची रेघ होती आणि पिवळ्या कडेचे ठिपके नेमके त्याच रेघेवर ओळीनं बसलेले! खैऱ्या जिवाणूजन्य. पावसाच्या शिंतोड्यांनी तो पसरतो आणि अळीनं केलेल्या जखमेतून पानात शिरतो. मी दारं उघडी ठेवून राखण करत होतो.

मग पावसाआधी कोरड्या हवेत रोगट फांद्या छाटून जाळल्या, कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. नवती, म्हणजे नवी पालवी, फुटताच नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारला, पानं कोवळी असेतो आठवड्याच्या अंतरानं. पावसात उघडीप बघून महिन्यातून एकदा कॉपर ऑक्सिक्लोराईड हे ताम्रयुक्त औषध, दहा लिटर पाण्याला ३० ग्रॅम. नत्र खतही विभागून दिलं, कारण एकदम दिलं की नवती भरमसाट येते आणि अळीचं फावतं.

ठिपके अजून दिसतात, पण तुरळक. बहुतेक फळं आता स्वच्छ उतरतात.