अमी घियांच्या काळचा सामना शाळेत कसा खेळवायचा

पहिल्या वर्षी, २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनाला, मी बॅडमिंटनपटू अमी घियांवर भाषण ठोकलं. मुंबईच्या, सात वेळा राष्ट्रीय एकेरी विजेत्या, १९७६ चा अर्जुन पुरस्कार, १९७८ ला एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कंवल ठाकूर सिंग यांच्या जोडीने कांस्य. दुसऱ्या दिवशी आठवीत विचारलं, काल मी कोणाबद्दल बोलले? उत्तर आलं, "सायना!" चूक माझीच. तेव्हापासून भाषण बंद. आता पोरींना त्यांच्या काळच्या नियमाने खेळवते.

कोर्ट एकेरीचंच आखा: लांबी १३.४० मीटर, रुंदी ५.१८. कर्ण १४.३७ भरला की कोपरे काटकोनात आले समजा. जाळी मधोमध १.५२४ मीटर, जाळीपासून १.९८ वर सर्व्हिसची रेघ. ऑगस्टात फक्की पावसाने वाहून जाते, म्हणून मी सुतळी ताणून खिळे ठोकते. आणि आमचा साक्री तालुका म्हणजे पवनचक्क्यांचा, वाऱ्याला काय कमी! इमारतीचा आडोसा बघा. पिसांचं फूल (शटल) आणूच नका, नायलॉनचं घ्या.

आता मुख्य गोष्ट. आज प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून फूल पडेपर्यंतच्या खेळाला, गुण मिळतो, गेम २१ चा. २००६ च्या आधी तसं नव्हतं. सर्व्हिस करणारीलाच गुण मिळायचा. ती रॅली हरली तर गुण कोणालाच नाही, नुसती सर्व्हिस पलीकडे जायची. बायकांचा एकेरीचा गेम ११ चा, पुरुषांचा १५ चा. तीनपैकी दोन गेम जिंकायचे. (९-९ झाल्यावर गेम वाढवायची सोय होती, पण शाळेत ती सोडून द्या, मधली सुट्टी संपते.) गुण लिहायला एक पोरगी फळ्यापाशी बसवा आणि तिला बजावून ठेवा: सर्व्हिस बदलली की खडू खाली.

माहिती आधी सांगू नका. पोरी घामाघूम होऊन सावलीत बसल्या की मग सांगा, दोन मिनिटांत.

यंदा सातवीतल्या दोघी ४-४ वर अडकल्या. पंधरा-वीस रॅली झाल्या असतील, फळा हलेना. सावलीत नेऊन घियांचं सांगितलं. एक जण कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "मॅडम, आशी सातदा जिकनी ती?"

हो म्हटलं. फूल उचलून ती परत सर्व्हिसला उभी राहिली.